एकोणतीस घरं आणि चार पौर्णिमा

माझ्यावर आयुष्यात एकदाच लबाडीचा आळ आला, आणि तो अगदी वाजतगाजत आला. विहाराच्या दारावर, सगळ्या वस्तीसमोर, दिवसाउजेडी. तेव्हा मी शंभर टक्के निर्दोष होते. पुढं आठवडाभरानं मी खरोखरच लबाडी केली, तर ती एकाच बाईनं पकडली आणि तिनं तिचा बोभाटाही केला नाही. हे उलटं कसं झालं ते मला अजून गमतीचं वाटतं, म्हणून सांगते.

मी परतूरला शाळेत गणित शिकवते. वय एकोणपन्नास. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा गणिताच्या शिक्षकांना कोडिंगचं प्रशिक्षण लावलं. दहा दिवस रोज जालन्याला जायचं आणि यायचं. आम्ही सगळे पन्नाशीच्या आसपासचे, संगणकासमोर परक्याच्या घरी बसल्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसणारे. शिकवायला आलेली मुलगी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिसऱ्या दिवशी तिनं एक गणित घातलं. सात मुलं गोल बसलीत, पहिल्यापासून ओळीनं एकेकानं टाळी वाजवायची, तर शंभरावी टाळी कुणाची? मी बसल्या जागेवरून सांगून टाकलं, दुसऱ्याची. ती हसली. म्हणाली, मॅडम, उत्तर नको, मशीनला टाळ्या वाजवायला शिकवा.

म्हणजे लूप लिहायची. लूप म्हणजे काय, तर पंगतीतला वाढपी. एका ताटात वाढायचं, पुढच्या ताटाकडे जायचं, पंगत संपली की परत पहिल्या ताटापाशी यायचं, आणि कुणी थांब म्हणेपर्यंत डोकं न चालवता फिरत राहायचं. मशीनला मी तेच सांगितलं. आकडा एकनं वाढव. सातच्या पुढं गेला तर परत एक कर. शंभर वेळा झालं की थांब. मशीननं डोळ्याचं पातं लवायच्या आत शंभर टाळ्या वाजवल्या आणि पडद्यावर दोन हा आकडा आला. उत्तर मला आधीच माहीत होतं, तरी मला इतका आनंद झाला की येताना एसटीत शेजारच्या अनोळखी बाईला मी सगळं समजावून सांगितलं. तिनं मांडीवरची पर्स उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली.

आता विहाराकडे येते.

आमच्या वस्तीत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. रोज संध्याकाळी सातला विहारात ग्रंथवाचन. रोज एका घराची पाळी. त्या घरानं फुलं, मेणबत्त्या आणायच्या, वाचन झालं की सगळ्यांना खीर द्यायची, आणि त्या दिवसाचं पहिलं पान त्या घरातल्या माणसानं वाचायचं. पुढची पानं मग नेहमीचे वाचणारे वाचतात. पण पहिलं पान हा मान. एरवी विहारात वीस-पंचवीस माणसं असतात, पाऊस असला तर सहा. पौर्णिमेला मात्र सगळं परतूर लोटल्यासारखं वाटतं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, भन्तेजी आलेले, दारात चपलांचा ढीग, आत बसायला जागा न्हाई म्हणून खिडकीला टेकून उभी असलेली माणसं. म्हणून पौर्णिमेची पाळी प्रत्येकाला पाहिजे. पौर्णिमा चार आणि घरं एकोणतीस.

पूर्वी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून तारखा काढायचे आणि दर वर्षी भांडण व्हायचं. आमचे अध्यक्ष एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते आपली चिठ्ठी चार घड्यांची करतात आणि बाकीच्यांची दोन घड्यांची, म्हणजे हाताला कळते, असं लोक म्हणायचे. खरं-खोटं मला माहीत न्हाई. पण त्यांना सलग तीन वर्षं पौर्णिमा आल्ती हे खरं.

आणि एक होत्या मावशी. माझ्या नात्यातल्या न्हाईत, सगळ्या गल्लीच्याच मावशी. सतराव्या घरात राहतात. तीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस निवडला. साठी उलटल्यावर विहारात दुपारच्या वर्गात माझ्याकडे लिहा-वाचायला शिकल्या. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड विद्यार्थिनी, कारण त्यांचा कशावरच विश्वास न्हाई. क शिकवला तर विचारायच्या, हा कच आहे कशावरून? आता त्यांना एसटीची पाटी वाचता येते, तरी कंडक्टरला विचारतात ही गाडी कुठं जाती. पाटी खरं बोलून राह्यली का ते बघायला.

या मावशींना पौर्णिमेला पहिलं पान वाचायचं होतं. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, कारण त्यांनीच सांगितलं होतं. माझ्या प्रशिक्षणाच्या आदल्या वर्षी त्यांची पाळी भर पावसात आली. विहारात सहा माणसं, त्यातली दोन पेंगलेली. मावशींनी पान वाचलं, घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, सहा जणांपुढं वाचलं ते वाचलं का?" त्याच्याही आधी एका पौर्णिमेला अध्यक्षांनी भर गर्दीत त्यांना गोड आवाजात सांगितलं होतं, मावशी, तुम्ही आशीर्वाद द्या, वाचायचं काम नातीवर सोडा. ते वाक्य मावशींनी जपून ठेवलं होतं. त्यांना त्याच गर्दीसमोर, त्याच माणसासमोर वाचायचं होतं. आणि मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरत होता, म्हणून लवकर वाचायचं होतं.

त्या वर्षी मी प्रशिक्षण घेऊन आल्ते. बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले, चिठ्ठ्या बंद, यंदा यादी मशीन काढेल. मशीनला नातेवाईक नसतात. हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. चांगला परिणाम झाला.

यादी करणं म्हणजे टाळ्यांचंच गणित. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, दोन्ही धरून एकोणनव्वद दिवस. दिवस एकनं वाढव, घर एकनं वाढव, घर एकोणतीसच्या पुढं गेलं की परत एक कर. विहाराच्या दारातून बाहेर पडलं की डावीकडं पहिलं घर आमचं, दुसरं माझ्या दिराचं, मग ओळीनं गल्लीच्या टोकापर्यंत आणि समोरच्या बाजूनं परत विहारापर्यंत. कुणालाही असंच मोजावंसं वाटलं असतं. निदान मला तरी वाटलं. कोणती तारीख पौर्णिमेची हे मी बघितलंसुद्धा न्हाई. मशीननं यादी काढली, झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या अक्षरात छापून आणली, सकाळी शाळेत जाताना विहाराच्या दारावर चिकटवली आणि स्वतःवर खूश होऊन निघून गेले.

दुपारी आले तर दारापुढं गर्दी. कुणीतरी लाल पेनानं यादीतल्या चार तारखांना गोल केले होते. चारही पौर्णिमांना. पहिल्या दोन पौर्णिमा घर क्रमांक एक. पुढच्या दोन पौर्णिमा घर क्रमांक दोन.

म्हणजे दोन माझ्या आणि दोन माझ्या जावेच्या.

मी यादीकडे बघितलं. गर्दीनं माझ्याकडे बघितलं. अध्यक्ष चष्मा पुसत होते, आणि चष्मा आधीच स्वच्छ होता. म्हणाले, "मॅडम, आमची नुसती घडीचीच चिठ्ठी होती. तुमची तर कॉम्प्युटरची निघाली."

पुढचं सगळं एकदम सुरू झालं. कुणी दाखवून दिलं की बाकीच्यांना तीन-तीन पाळ्या आहेत आणि या दोन घरांना चार-चार. सोळाव्या घरची बाई पुढं आली, म्हणाली आम्ही शुभ-अशुभ काही मानत न्हाई, पण तीनपैकी दोन अमावास्या मलाच कशा? एका पोरीनं आईला विचारलं की मॅडमनी परीक्षेच्या मार्कांचंही असंच केलं असेल का. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

सगळ्यांचं म्हणणं एकच, दोघी जावांनी मिळून केलं. आता हे ऐकून मी हसले असते, जर माझ्यावर बेतलं नसतं तर. माझी धाकटी जाऊ वडीगोद्रीची. आमच्या चुली वेगळ्या होऊन नऊ वर्षं झाल्ती. कारण विचारू नका, दोघींना वेगवेगळं आठवतं. मधल्या भिंतीवरून आम्ही नवऱ्यांमार्फत बोलायचो. गलका ऐकून ती बाहेर आली, यादी वाचली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी हिच्याशी मिळून? आम्ही नऊ वर्षांत मिळून चहा न्हाई पिलो." दोघं-तिघं हसले. मला वाटलं सुटले. तर ती पुढं म्हणाली, "उलट मला चार डाव खीर करायला लावायचा हिचा डाव हाये हा."

 मावशी इतका वेळ यादीला नाक लावून एकेक ओळ बोटानं वाचत होत्या. त्यांच्या तीन पाळ्या होत्या, तिन्ही आडदिवशी. वाचून झालं तशा वळल्या आणि मला एवढंच म्हणाल्या की मशीन खरं का खोटं ते त्या उद्या बघतील.

दुसऱ्या दिवशी रविवार. मावशी सकाळीच कॅलेंडर काखेत आणि पदरात ज्वारीचे मोजून एकोणनव्वद दाणे घेऊन निघाल्या. माझ्या उंबऱ्यावर पहिला दाणा, जावेच्या उंबऱ्यावर दुसरा, असं दारोदार. दाणा ठेवायचा, कॅलेंडरवर एक दिवस पुढं सरकायचं. मी अवाक होऊन बघत होते. दहा दिवस जालन्याला जाऊन मी जे शिकले ते ही बाई चपला घालून करत होती. अकराव्या घराशी मागं वळून बघितलं तर त्या घरची कोंबडी एकेक दाणा टिपत पाठीमागून येत होती. सगळं पहिल्यापासून. लूप मध्येच तुटली की असंच करावं लागतं, पण हे त्या वेळी बोलायची माझी हिंमत झाली न्हाई. दुसऱ्या खेपेला चिंचोके घेतले, आणि पौर्णिमेसाठी चार पांढरे खडे. तीन फेऱ्या झाल्या आणि वर दोन दारं. सगळी गल्ली मागं. शेवटी उन्हात घाम पुसत मावशी उभ्या राहिल्या. माझ्या उंबऱ्यावर दोन पांढरे खडे, जावेच्या उंबऱ्यावर दोन.

"मशीन बराबर हाये," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतकी निराशा होती की मला स्वतःचीच लाज वाटली. मग म्हणाल्या, "पन सुरुवात तुझ्याच दारापासून कराय कुनी सांगितलं?"

 विहाराच्या दारातून मी डावीकडं वळले होते. उजवीकडं का न्हाई वळले? खरं सांगायचं तर आजही मला शंभर टक्के खात्री न्हाई की का.

घरी जाऊन मी वही काढली, कारण संशय मला आता स्वतःवरही आला होता. अर्ध्या तासात चोर सापडला, आणि तो चंद्र निघाला. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत कधी एकोणतीस दिवस असतात, कधी तीस. आमची घरं एकोणतीस. म्हणजे आमची पाळी गल्लीला एक फेरी मारून परत येते तेव्हा चंद्रही फेरी मारून तिथंच आलेला असतो. दोघं एका चालीनं चालतात. सुरुवात कुठूनही करा, शेजारशेजारच्या दोन घरांना चारही पौर्णिमा जाणार. बाकी सत्तावीस घरांनी जन्मभर वाट बघावी. मी बैठकीत हे फळ्यावर काढून दाखवलं. लोकांनी ऐकलं. पण आपली चूक चंद्रावर ढकलणाऱ्या बाईकडे लोक जसं बघतात तसंच बघत राहिले.

मावशींनी मुद्द्याचं विचारलं, मंग आता घर बांधायचं का पाडायचं? कारण घरांचा आकडा बदलल्याशिवाय हे सुटणार नव्हतं. तीस करून बघितलं तर त्यातही एका घराला दोन पौर्णिमा येत होत्या. अठ्ठावीस केलं तर चार पौर्णिमा चार वेगळ्या घरांना. म्हणजे एक घर कमी पाहिजे. पाळी सोडायला कोण तयार होणार? कुणीच न्हाई. तेव्हा अध्यक्षांनी आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीकडे बघितलं, मग वर विजेच्या मीटरकडे, आणि शांतपणे म्हणाले की मीटर तर एकच दिसतो.

जावेनं माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा आमच्या दोघींच्या मनात एकच गोष्ट होती, नको. पण चोरी केली न्हाई हे सिद्ध करायचं तर एक घर होणं भाग होतं. ती कशीबशी म्हणाली, "फक्त वर्षावासापुरतं." मी पण म्हणाले, फक्त तेवढ्यापुरतं.

आता माझी लबाडी.

अठ्ठावीस घरं ठरली, पण सुरुवात कुठल्या घरापासून हे ठरायचं होतं. ते मशीननंच ठरवावं असं बैठकीत झालं. मी घरी बसून एक करामत केली. लूपच्या आत लूप. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस सुरुवाती एकेक करून चालवल्या आणि बघितलं की मावशींना पौर्णिमा कधी येते. मावशींचं घर आता सोळावं झालं होतं. चार सुरुवातींमध्ये त्यांना पौर्णिमा येत होती. बाराव्या घरापासून सुरू केलं तर आश्विन पौर्णिमा, म्हणजे समारोपाची, सगळ्यात जास्त गर्दीची. मी बारा आकडा टाकला.  टाकताना मी गुणगुणत होते, हेही कबूल करते.

यादी दारावर लावायच्या आधी मावशींना दाखवायला गेले. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. बोट फिरवत फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या. थांबल्या. परत वाचलं. मी वाट बघत होते की आता हसतील.

"पयलं घर बारावं कसं आलं?"

"मशीननं ठरवलं मावशी."

"मशीनला माझ्या मनातलं कुनी सांगितलं?"

 त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि माझ्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, "मी तिथं वाचाय उभी राह्यले अन् कुनी म्हनलं, हिला मास्तरीणनं बसवलं. मंग माझं वाचनं काय राह्यलं? त्याच्यापरीस आडदिवस बरा." आणि शेंगा फोडायला लागल्या. हे त्यांनी कुणालाही सांगितलं न्हाई, कधीच न्हाई. मीच आज सांगते आहे.

मग सुरुवातीचा आकडा सगळ्यांसमोर काढायचं ठरलं. एक ते अठ्ठावीस चिठ्ठ्या, सगळ्या दोन घड्यांच्या, अध्यक्षांना हात लावू न देता. काढणार कोण यावर परत संशय. शेवटी गल्लीत भाजी विकायला आलेल्या बाईला बोलावलं. ती दुसऱ्या वस्तीची, तिला पौर्णिमेचं काही देणंघेणं न्हाई. तिनं पाटी खाली ठेवली, हात पुसले, चिठ्ठी काढली. सव्वीस. तिनं विचारलं, मला काय लागलं? तिला वाटलं सोडत आहे.

मी सगळ्यांसमोर आकडा टाकला आणि मशीन चालवलं. सव्विसाव्या घराला आषाढ पौर्णिमा, सत्ताविसाव्याला श्रावण. आणि भाद्रपद पौर्णिमा घर क्रमांक एकला. म्हणजे आम्हा दोघी जावांच्या जोडघराला.

 सगळ्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या, आणि मग एकदम भाजीवालीकडे. मावशींनी तिला विचारलं, ही तुझ्याकडून मेथी घेती का? ती म्हणाली, घेतात कधी कधी. मावशींनी मान डोलावली, जणू काही कळलं. पण मग परत कॅलेंडर उघडून स्वतः मोजलं आणि म्हणाल्या बराबर हाये. त्यांचा एकोणिसावा दिवस आला होता, नंतर सत्तेचाळिसावा आणि पंचाहत्तरावा. पौर्णिमा एकही न्हाई. त्यांनी तारखा हाताच्या बोटांवर मोजल्या, उठल्या आणि घरी गेल्या.

त्यांचा एकोणिसावा दिवस मला आठवतो. तेरा माणसं होती. चांगलं वाचलं त्यांनी. डावा डोळा मिटून, उजव्यानं.

भाद्रपद पौर्णिमा जवळ आली तसा आमच्या जोडघरात नवा प्रश्न उभा राहिला. खीर कुणाच्या चुलीवर, हे सुटलं, निम्मी-निम्मी. पण वाचणार कोण? मी वाचलं तर लोक म्हणतील, आणली ना मास्तरीणनं पौर्णिमा ओढून. जावेनं वाचलं तर? तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी तिला कधी सांगितलं न्हाई. आदल्या दिवशी सकाळी तिनं नवऱ्याला मध्ये न घेता भिंतीवरून थेट मला हाक मारली. मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"ताई, मी वाचलं तर तुम्ही मनात चुका काढाल."

"काढीन," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

 मग ती म्हणाली की वडीगोद्रीला तिच्या माहेरी एक पद्धत आहे. सकाळपासून जी बाई तुमच्या चुलीपाशी बसते, तुमच्याकडे जेवते, ती त्या दिवशी तुमच्या घरची. हे खरं आहे का तिनं तिथंच रचलं, मला आजवर समजलेलं न्हाई. मी विचारलंही न्हाई.

आम्ही दोघी मावशींच्या दारात गेलो. दोघी एकदम. मावशींनी दार उघडलं, आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "दोघी मिळून आलात, म्हंजी डाव हाये."

"हाये," जाऊ म्हणाली. "आमच्यात भांडण होऊन राह्यलं. उद्या आमच्याकडे खीर ढवळायला या, जेवा, आणि पहिलं पान वाचा. न्हाईतर आम्ही दोघी विहारात एकमेकींच्या झिंज्या धरू."

मावशींनी मला विचारलं, हे मशीनमधून काढलं का? मी न्हाई म्हणाले, मशीनला भांडणं येत न्हाईत. त्यांनी खूप वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. नंतर चपला घातल्या आणि अध्यक्षांकडे गेल्या, हे नियमात बसतं का ते विचारायला. तिथं काय बोलणं झालं माहीत न्हाई. अध्यक्ष त्या दिवशी जरा घाईघाईनं हो म्हणाले एवढं कानावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच त्या आमच्या दारात. दोन्ही चुलींवर आळीपाळीनं बसल्या, दोन्ही पातेली ढवळली, दोघींच्याही खिरीला नावं ठेवली. दुपारी एका ताटात माझी भाकरी आणि जावेचं कोरड्यास जेवल्या. घरच्या होण्यात काही कसर ठेवली न्हाई.

संध्याकाळी विहार भरला. खिडक्यांना माणसं लागली. वंदना झाली. मावशी पांढऱ्या साडीत पुढं जाऊन बसल्या, ग्रंथ मांडीवर घेतला, उजेड पडेल असा तिरका केला. अध्यक्ष पहिल्या रांगेत, कारण दुसरं पान त्यांचं होतं.

त्या वाचायला लागल्या. बोट ओळीखाली, एकेक शब्द, शब्दाशब्दांत श्वास. तिसऱ्या ओळीत एका जोडाक्षराशी अडल्या. मागून कुणीतरी शब्द सांगायला तोंड उघडलं, मावशींनी मान वर करून त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ते मिटलं. मग त्यांनी तो शब्द तोडला, जोडला, मनाशी म्हणून बघितला, खरा वाटला तेव्हाच मोठ्यानं म्हटला. मी मांडीवर बोटं घट्ट धरून बसले होते. शेजारी बसलेली जाऊ पण तशीच.

पान संपलं. अध्यक्षांनी चष्मा चढवला आणि ग्रंथ घ्यायला दोन्ही हात पुढं केले.

मावशींनी बोट ओलं केलं, पान उलटलं आणि वाचत राहिल्या.

अध्यक्षांचे हात तसेच अधांतरी. ते हळूच म्हणाले, मावशी, पुढचं पान माझं. त्यांनी ऐकलं की न्हाई कोण जाणे. दुसरं पान आता भराभर चाललं होतं, दोन-दोन शब्द एका दमात. भन्तेजींनी डोळे मिटून घेतले, त्यामुळं अध्यक्षांना कुणाकडे बघावं ते कळेना. शेवटी त्यांनी हात मागं घेऊन मांडीवर ठेवले.

"ताई," जाऊ माझ्या कानाशी पुटपुटली, "ह्या तिसऱ्या पानावर चालल्या."

मी बघितलं. चालल्या होत्या.